पेंढा भरलेलं चाक

"बाबा, बाई बाहेरची झाली हे वेलीला कळतं कसं?"

हेमलतानं एका दमात विचारून टाकलं आणि पुढचा श्वास घ्यायचा राहूनच गेला. पैज कुंदाची होती. शाळेच्या व्हरांड्यात चौघींनी मिळून तिला चढवलं होतं, की बळवंत राऊतांना हे तोंडावर विचारून दाखव, मग तुला मानू. साक्षीला म्हणून कुंदा स्वतः आली होती आणि पाणी प्यायच्या निमित्तानं विहिरीच्या कठड्यावर बसली होती. प्रश्न कानावर पडला तशी तिनं कळशी तिथंच सोडली आणि वाडीतून जी सटकली, ती सरळ केळव्याच्या रस्त्याला लागली.

बळवंत ओटीवरच्या खाटेवर पडला होता. घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर. हातात अडकित्ता, मांडीजवळ सुपाऱ्यांचं ताट. अडकित्ता थांबला. आत मंदाच्या पोळपाटावरचं लाटणंही थांबलं.

"मला काय विचारतेस?" बळवंत म्हणाला. "वेलीला विचार."

आणि त्यानं पुढची सुपारी कातरायला घेतली.

हेमूला वाटलं होतं, एक तरी थप्पड बसेल. ती बसली नाही, म्हणून तिला उलट जोरच चढला. पण बाबांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. बाबा खाटेवरून जिकडे बघत होते, तिकडे माडाच्या विणलेल्या झापांच्या कुंपणाच्या वर पानमळ्याचे शेंडे दिसत होते. वेली काठ्यांच्या डोक्यावर चढून आता एकमेकींच्या गळ्यात पडायला लागल्या होत्या.

नवरात्राच्या आधी बळवंत मळ्यातच शिडीवरून पडला. तेव्हा कोणाला फारशी काळजी वाटली नाही, कारण दिवाळी झाली की जिवल्या यायचा. विक्रमगडच्या अलीकडे खडकीपाडा आहे, तिथला हा वारली माणूस. घरचं भात झोडून झालं की तो बायकोला, नवसीला, घेऊन खाली उतरायचा आणि वाडीच्या कोपऱ्यातल्या झोपडीत होळीपर्यंत राहायचा. वेल उतरवावी तर त्यानंच. उंच गेलेली वेल गाठी सोडून अलगद खाली घ्यायची, तिचा बिनपानांचा भाग बुंध्याशी वेटोळं करून मातीआड करायचा, शेंडा पुन्हा काठीला बांधायचा. हे वेळेत झालं नाही तर पान लहान पोराच्या तळव्याएवढं राहतं, आणि असलं पान टोपलीत भरायलाही कोणी मागत नाही.

या वर्षी भाऊबीज होऊन गेली तरी जिवल्याचा पत्ता नव्हता. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर दोनदा निरोप पाठवला. उत्तर नाही. गावातली जवान माणसं बोईसरच्या कंपन्यांमध्ये शिफ्टला जायला लागल्यापासून मळ्यातला हात मिळेनासा झाला होता. जे होते ते आपापल्या वेलींत.

राहिल्या घरातल्या दोघी. पण मळा सोवळा. अनवाणी जायचं, हात जोडून जायचं, आणि बाहेरच्या बाईची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. बायकांचं काय सांगावं, असं म्हणून बळवंतच्या आजोबांनी सगळ्या बायकांनाच कुंपण घातलं होतं. हेमू लहानपणी मळ्यात जिवल्याच्या मागं मागं फिरायची. सातवीत होती, तेव्हा एका सकाळी आईनं तिला मागच्या पडवीत बसवलं, वेगळं ताट दिलं, आणि मळा बंद झाला तो झालाच.

त्या दिवशी जेवताना हेमूनं दुसरा प्रश्न विचारला. हा कोणी शिकवला नव्हता.

"मी जाऊ जिवल्याकाकांना आणायला? सायकलवर?"

"वेड लागलं हाय," मंदा म्हणाली.

"मे महिन्यात शिकले ना. आधी दांड्याखालून पाय घालून. आता माहीमपर्यंत जाऊन येते, सीटवर बसून."

"माहीम कुठं, जिवल्याचा पाडा कुठं. मध्ये अख्खा डोंगर हाय."

बळवंतनं भातावर आमटी ओतून घेतली. मग भात कालवत म्हणाला, "मनोरपर्यंत जा. उद्या बाजार हाय. खडकीपाड्याची माणसं शांतारामच्या पानाच्या गादीवर येतात. त्याच्याकडे निरोप ठेव आणि उलटी फीर. मनोरच्या पुढं पाऊल टाकायचं नाय."

"अहो, पोरगी हाय ती."

"ठाऊक हाय मला. खाटेवरून मी काय करू, तू सांग."

 पहाटे उठून मंदानं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. बळवंतनं ओल्या फडक्यात पानांची जुडी गुंडाळली, जिवल्यासाठी. हेमूनं मावसबहिणीच्या लग्नात शिवलेला पिवळा पंजाबी ड्रेस चढवला, ओढणी कमरेला बांधली, आणि पानांच्या टोपल्या वाहून वाहून कॅरिअर वाकलेली बाबांची काळी सायकल बाहेर काढली. बेड्यापाशी, वाडीच्या दाराशी, कुंदा उभी होती.

"खरंच चाललीस?"

"मग. तू कळशी ठेवून पळालीस, आता आईला पाणी काढून दे."

पालघरच्या रेल्वे फाटकाशी चेन उतरली. फाटक उघडलं, मागून टेम्पो आणि टांगे ओरडायला लागले आणि हेमूला चेन काही बसेना. हात कोपरापर्यंत काळे. एक उंच माणूस समोरून सायकलवर येत होता, हँडलला डबा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. त्यानं आपली सायकल रुळाच्या कडेला आडवी टाकली.

"हटो बेटी."

चेन बसवून तो थांबला नाही. खिशातून पाना काढला, मागचं चाक जरा ओढून चेन ताणली, पुन्हा आवळलं. बोईसरला त्याची शिफ्ट सुरू व्हायची वेळ झाली असणार, कारण तो दर थोड्या वेळानं सूर्याकडे बघत होता.

"कहाँ जाना है?"

"मनोर."

"अकेली?" त्यानं मान हलवली, आणि डब्याच्या पिशवीतला कापसाचा गोळा काढून तिच्या हातात दिला. "हाथ पोंछ लो. कपड़ा नया है." आणि हेमू नाव विचारेपर्यंत तो निघूनही गेला.

वाघोबाच्या खिंडीत चढाला ती उतरली आणि सायकल ढकलत निघाली. पोटऱ्या भरून आल्या होत्या. पण खिंड संपून पलीकडे उतार लागला आणि सायकल आपोआप धावायला लागली, तेव्हा तिनं दोन्ही पाय पायडलवरून उचलून बाजूला ताणले. आसपास कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं गाणंही म्हटलं.

मनोरला बाजार भरला होता. शांताराम पानवाल्यानं तिला आधी ओळखलंच नाही. मग सायकल ओळखली.

"ही बळवंतची ना? तू कोण, हेमू? बाप कुठं हाय?"

तिनं सगळं सांगितलं. शांतारामनं पानावर चुना लावता लावता मान हलवली. "जिवल्या तापानं पडलाय म्हणे. हिवताप. पाड्यावरचा एक आला होता, तो सांगत होता. तुझ्या बापाचा निरोप पोचला, पण उत्तर कोण देणार?"

"मग मी जाते तिकडे."

"बाप काय म्हणाला होता?"

हेमूनं हँडलवरची धूळ पुसायला घेतली.

"म्हणजे नको म्हणाला होता." त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाला विडा दिला आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "तू ऐकणार नाय, ते तुझ्या नाकावर दिसतंय. बस, केळं खा. केळव्याच्या गाडीचा कंडक्टर माझा माणूस हाय, त्याच्याकडे निरोप देतो, की पोरगी पुढं गेली, काळजी करू नका. आणि ऐक. सांज झाली तर रस्त्यावर थांबू नको. पाड्यात शीर. हाका मारू नको, दार वाजवू नको. अंगणात जाऊन उभी राहा. कोणी ना कोणी बघतंच."

मनोर सुटलं तसा रस्ता बदलला. डांबर मध्येच संपायचं, मध्येच लागायचं. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, खळ्यांवर झोडणी चाललेली, वाऱ्यावर कोंडा उडतोय. चढ संपला की पुढचा चढ. दुपार कलली तेव्हा पुढच्या चाकातून फुस्स झालं. बाभळीचा काटा, बोटभर लांब.

हेमू सायकल ढकलायला लागली. ओटीपोटात मघापासून दुखत होतं ते तिला केळ्यामुळे वाटलं होतं. थोडं पुढं गेल्यावर कळलं, ते केळं नव्हतं. चार दिवस आधीच. जवळ हातरुमालाशिवाय काही नाही. पिवळा ड्रेस. तिनं कमरेची ओढणी सोडून मागून पुढं लपेटली आणि खाली मान घालून चालत राहिली. सकाळपासून पहिल्यांदा तिला वाटलं, की आई म्हणत होती तेच खरं होतं. रस्त्यानं एक बैलगाडी गेली, गाडीवान काहीतरी म्हणाला, तिनं मान वर केली नाही.

उन्हं झाडांच्या शेंड्यावर गेली तेव्हा चार-सहा झोपड्यांचा पाडा दिसला. शांतारामनं सांगितलं होतं तसं ती पहिल्याच अंगणात जाऊन उभी राहिली, सायकलीच्या आडोशाला. अंगण सारवलेलं, कडेला शेंगांच्या वेलीचा मांडव.

डोक्यावर मोळी घेऊन एक बाई आली. तिनं मोळी टाकली, घाम पुसला, आणि हेमूकडे पाहिलं. चाकाकडे पाहिलं. मग ओढणी कशी बांधलीय तिकडे पाहिलं.

"ये आत," ती म्हणाली.

तिचं नाव बायडी. हे हेमूला नंतर कळलं. आधी तिनं गरम पाणी काढून दिलं, कुडाच्या आडोशाला नेलं, आणि आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडून दिला. फाडताना तो नव्यासारखा चर्रकन वाजला नाही, इतका वापरलेला होता. हेमूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडते कशाला? दुखतं?"

"नाही."

"मग चांगला हाय." बायडीनं टोपली तिच्या हातात दिली. "मांडवावरच्या शेंगा तोड. कालवणाला काय घालू नायतर? मी चूल पेटवते."

हेमू टोपली धरून उभीच राहिली. बायडी वळली. "काय झाला?"

"मी कशी हात लावू? तुम्हाला माहितेय ना..."

"ठाव हाय. मीच कापड दिला ना. तोड लवकर, दिसत नाय मग."

वेल आपल्याकडे बघतेय असं हेमूला वाटलं. तिनं पहिली शेंग तापलेल्या तव्यावरची भाकर उचलावी तशी दोन बोटांनी ओढली. काही झालं नाही. दुसरी तोडली. मग भराभर तोडायला लागली.

बायडीचा नवरा चिंधू खळ्यावरून आला, अंगभर भाताची कुसळं. त्यानं सायकल उलटी करून चाक फिरवून पाहिलं.

"पंचरवाला विक्रमगडला. ट्यूब आता काय कामाची नाय. पेंढा भरू."

"पेंढा?" हेमू म्हणाली.

"मग काय, हवा? हवा तर गेली."

त्यानं टायर विळ्याच्या पाठीनं सोडवला. पेंढ्याच्या मूठमूठ काड्या पाण्यात भिजवल्या, पिळून दोर वळला, आणि तो दोर टायरात गच्च दाबत दाबत गोल फिरवला. अंगठे लाल झाले. शेवटी टायर बसवून त्यानं चाकावर बुक्की मारली. "आता बाभळीचा काय बाप आला तरी फुटायची नाय. फक्त बैलाच्या समोर उभी करू नको. खाईल."

बायडी चुलीपुढं खळखळून हसली. हेमूही हसली, कुसळं झटकणारा चिंधूही हसला. जेवताना हेमूला घरातली एकुलती थाळी, आणि ती दोघं पळसाच्या पानांवर. हेमूही चुलीजवळच बसली. घरी या दिवसांत तिला चूल लांबूनसुद्धा दिसायची नाही. आईच्या चटणीतले बोंबील तिनं पुढं केले तेव्हा चिंधू म्हणाला, "समुद्राची बाय आली, समुद्र घेऊन आली."

सकाळी उजाडताच हेमू मांडवापाशी गेली. काल जिथून शेंगा तोडल्या होत्या तिथं तिनं एकेक पान उलटून पाहिलं. दंवानं ओली पानं. देठ ताठ. एका ठिकाणी पांढरं फूल उमललेलं, काल ते नव्हतं.

"काय शोधतेस? कानातला पडला?" बायडी मागं उभी होती, पाण्याचा हंडा घेऊन.

"नाही. बघत होते, वाळली का."

बायडीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं हंडा वेलीच्या बुडाशी ओतला. "रोज मीच पाणी घालते हिला. माझे चार दिस तिला तहानलेली ठेवू का?"

निघताना हेमूनं पानांची जुडी पुढं केली. बायडीनं त्यातलं एकच पान काढून घेतलं. "जिवल्यासाठी हाय ना. त्याला ने."

पेंढा भरलेलं चाक घडघड वाजत होतं आणि हँडल हातांत थरथरत होतं. खडकीपाडा आला तेव्हा हेमूचे हात खांद्यापर्यंत बधिर झाले होते.

जिवल्या घोंगडीत होता. डोळे आत गेलेले, दंडाची हाडं दिसणारी. मळ्यातल्या काठीवर माकडासारखा चढणारा माणूस हाच, हे पटायला वेळ लागला.

"हेमूबाय?" तो उठू लागला आणि जमेना. "कोणाबरोबर आलीस?"

"सायकलबरोबर."

त्यानं जुडी छातीशी धरली, वास घेतला. "पान बारीक व्हायला लागला," तो म्हणाला, आणि तोंड फिरवलं. "शेठला सांग, मी नाय येऊ शकत. उभा राहिला तर पाय कापतात."

 इतक्या लांबून येऊन, इतक्या जणांचं खाऊन, हेमू रिकामीच परत जाणार होती.

नवसी दाराशी सूप पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "मी येते."

"तू?" जिवल्या म्हणाला. "शेठ तुला मळ्यात घेईल का?"

"कुंपणाच्या बाहेर बसून वर्सानुवर्सा वेल बांधायला केळीची सोपटं कोण सोलतो? भिजवून तुझ्या हातात कोण देतो, झापाच्या फटीतून? तू आत काय करतोस ते मला दिसतच होता. गाठ कुठं सोडायची, कुठं बांधायची, तुझ्याआधी मला कळतं."

"कळून काय करशील?"

"ते शेठला विचारू. मंगळ्या तुला बघील." मंगळ्या जिवल्याचा भाऊ, तो शेजारीच राहत होता. नवसीनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि हेमूला म्हणाली, "मला तुझ्या कॅरिअलवर बसायला येईल का?"

परत येताना चढाला दोघी चालल्या, उताराला दोघी बसल्या. पहिल्या उताराला नवसीनं हेमूची कंबर इतकी गच्च धरली, की तिला श्वास घेता येईना. दुसऱ्या उताराला तिनं एक हात सोडला. तिसऱ्याला दोन्ही सोडले आणि म्हणाली, "अजून जोरात नाय जात काय ही?"

बायडीच्या अंगणाशी हेमू थांबली, पण दोघं खळ्यावर गेलेली होती. तिनं आपला नवा रुमाल मांडवाच्या खांबाला बांधून ठेवला. मनोरला शांतारामनं दोघींना चहा पाजला आणि कंडक्टरनं घरी निरोप पोचवल्याचं सांगितलं. वाघोबाच्या खिंडीत नवसीनं सायकल थांबवायला लावली. हात जोडले आणि कमरेला खोवलेलं एक पान वाघोबापुढं ठेवलं. हेमूनंही हात जोडले. काय मागावं ते तिला सुचेना. चेन बसवणारा तो माणूस शिफ्टला वेळेवर पोचला असू दे, एवढंच ती म्हणाली.

पालघर मागं पडलं, माहीम मागं पडलं. हेमू खाली मान घालून पायडल मारत होती.

"दमलीस?" नवसीनं विचारलं.

"नाही. ठरवतेय."

केळव्यात दिवेलागण झाली होती. मंदा रस्त्यापर्यंत येऊन उभी होती. तिनं हेमूच्या तोंडावरून हात फिरवला, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा हात फिरवला. ओटीवर बळवंत कोपरावर उठून बसला होता. तो त्यांच्या मागं अंधारात बघत होता, अजून कोणी येतंय का म्हणून.

"जिवल्या कुठं हाय?"

"त्यांना हिवताप आहे, बाबा. उभं राहवत नाही. नवसी आलीय."

"सोपटं सोलायला?" बळवंतनं डोकं भिंतीला टेकवलं. "सोपटं सोलून काय करू? वेल कोण उतरवणार?"

नवसी अंगणातच उभी राहिली, नेहमीच्या जागी, ओटीपासून चार हात लांब. हेमूनं सायकल खांबाला लावली. उंबऱ्यातल्या कंदिलाच्या उजेडात पुढच्या टायरातून पेंढ्याच्या काड्या बाहेर आलेल्या दिसत होत्या. बळवंतनं त्या पाहिल्या.

"हे काय भरलंय?"

"पेंढा. ज्यानं भरला त्याची माझी ओळखपण नव्हती." ती ओटीच्या पायरीशी आली. "बाबा, काल वाटेत मी बाहेरची झाले. ज्या बाईनं मला घरात घेतलं, तिनं मला तिच्या वेलीच्या शेंगा तोडायला लावल्या. मी तोडल्या. चुलीजवळ बसून जेवले. सकाळी उठून बघितलं, वेल हिरवीगार होती. फूल आलं होतं."

मंदा सवयीनं मागच्या पडवीकडे वळली होती, खुंटीवरचं वेगळं ताट काढायला. ती ताट हातात घेऊन मधल्या दारात थांबली.

 बळवंतनं अडकित्ता उचलला, आणि सुपारी न घेताच एकदा मिटला.

हेमूनं नवसीचा हात धरून तिला ओटीवर ओढून घेतलं. "उद्या सकाळी आम्ही दोघी मळ्यात जाणार. शिडीवर मी, खाली नवसी. तुमची खाट कुंपणाचं झाप काढून मळ्याच्या दारातच लावते, चुकलं तर ओरडा. उद्या माझा तिसरा दिवस आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, वेलीला विचार. उद्या विचारते."